सामानाजवळ कोण?

मला डोंगर चढायचा होता. दागिना नको होता, पैठणी नको होती, फक्त एक डोंगर हवा होता. साताऱ्याला अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी मी लहानाची मोठी झाले. कॉलेजच्या दिवसांत सकाळच्या चहाआधी किल्ल्यावर जाऊन यायचे. लग्न होऊन बंगळूरला आले, आणि तेव्हापासून चढलेली सगळ्यात उंच जागा म्हणजे चामराजपेटच्या आमच्या घरातला माळा. तोही दिवाळीत, पितळेची भांडी काढायला.

आम्ही डोंगरांवर गेलोच नाही असं नाही. गेलो की! पण प्रत्येक वेळी पायथ्याशी पोचलं की कोणीतरी विचारायचं, "सामानाजवळ कोण?" प्रश्न सगळ्यांना असायचा, माना मात्र माझ्याकडे वळायच्या. डबे मी भरलेले, तेव्हा राखणही मीच करायची असा काहीतरी कायदा असावा. शिवगंगेला तर मी दिवसभर एका चिंचेखाली माकडांशी डोळे वटारण्याची स्पर्धा करत बसले होते. वरचा नंदी कसा दिसतो ते मला फोटो धुऊन आल्यावर कळलं. त्या फोटोत सगळे होते, मी नव्हते.

आता चाळिशी उलटली होती आणि जिना चढताना डावा गुडघा कटकट करायला लागला होता. त्याची कटकट वाढायच्या आत मला एकदा तरी माझ्या पायांनी वर जायचं होतं. म्हणून सावनदुर्गाचा विषय निघाला तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, "या वेळी सामानाजवळ मी बसणार नाही."

"अर्थातच!" आमचे हे म्हणाले. "या वेळी मी प्लॅनिंग करतोय."

हे, म्हणजे विद्याधर, एका सरकारी कारखान्याच्या प्लॅनिंग खात्यात होते. त्या खात्यात फक्त योजना आखायच्या. त्या पार पाडायचं खातं वेगळं, आणि तेही दुसऱ्या इमारतीत. त्यामुळे आखलेल्या गोष्टीचं पुढे काय झालं हे बघण्याची ह्यांना सवयच नव्हती. त्यांनी ऑफिसातून एक लांबलचक कागद आणला, त्यावर आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि तो आमच्या हॉलच्या भिंतीवर लावला. आदल्या दिवशी दुपारी निघायचं, पायथ्याशी तंबू ठोकून रात्री मुक्काम करायचा आणि सकाळी उन्हं तापायच्या आत तो उघडाबोडका कातळ चढून जायचा. सगळं ठरलं. राहिली फक्त तारीख, आणि तिथेच घोडं अडलं.

आम्ही जाणारे पाच जण. आम्ही दोघं. खाली राहणारे घरमालक कृष्णमूर्ती, म्हणजे अण्णा, आणि त्यांच्या पत्नी सकवारबाई, म्हणजे अक्का. हे मराठे घराणं शहाजीराजांबरोबर इकडे आलं आणि इकडचंच झालं, असं अण्णा पहिल्या भेटीत सांगतात आणि दुसऱ्या भेटीतही. मार्केटजवळ त्यांचं पत्र्याच्या ट्रंकांचं दुकान आहे. पाचवा गुरुप्रसाद, ह्यांच्याच खात्यातला पुण्याचा बिनलग्नाचा मुलगा. सह्याद्रीतले झाडून सगळे किल्ले आपण केलेत असं तो सांगायचा, आणि त्याच्याकडे दोरखंड होता, त्यामुळे आम्ही विश्वास ठेवला.

पाच माणसं म्हटली की पाचांचे उपास आले. सोमवार अण्णांचा, मंगळवार अक्कांचा, गुरुवार ह्यांचा, शुक्रवार माझा आणि शनिवार गुरुप्रसादचा, कारण त्याचं लग्न जमत नव्हतं. बुधवारी ह्यांचं ऑफिस, आणि रविवारी अण्णांचं दुकान. शिवाय दोन्ही एकादश्या आणि संकष्टी. ज्याचा उपास त्याचं वेगळं आणि बाकीच्यांचं वेगळं असं दुहेरी रांधून डोंगरापर्यंत न्यायचं म्हणजे सामान वाढणार, आणि सामान वाढलं की चिंचेखाली कोण बसणार हे मला पक्कं माहीत होतं.

एका रविवारी हे चहाचा कप हातात घेऊन त्या कागदासमोर उभे होते. एकदम ओरडले, "महाशिवरात्र!"

त्या वर्षी शिवरात्र शनिवारी आली होती. सुट्टी होती. हे खाली जाऊन अण्णा-अक्कांना वर घेऊन आले, गुरुप्रसाद नाश्त्याला आलेलाच होता, आणि ह्यांनी फूटपट्टी हातात घेऊन समजावून सांगितलं.

"शनिवारी सगळ्यांचाच उपास. म्हणजे स्वयंपाक नाही. स्वयंपाक नाही म्हणजे डबे नाहीत. डबे नाहीत म्हणजे सामान नाही. आणि सामान नाही म्हणजे..." त्यांनी माझ्याकडे बघितलं, "...सामानाजवळ कोणी बसायला नको!"

खरं सांगते, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मला ह्या माणसाच्या डोक्याचा अभिमान वाटला. मी त्यांना आणखी एक कप चहा दिला, आणि तोही न मागता.

सरावही सुरू झाला. रोज संध्याकाळी पाठीवर तांदळाची पिशवी घेऊन जिना चढायचा आणि उतरायचा, असं त्या कागदावर लिहिलं होतं. आम्ही पाचही जण पिशव्या घेऊन वर-खाली करायला लागलो. चौथ्या दिवशी समोरच्या गल्लीतली एक बाई अक्कांना विचारून गेली, वरचे लोक घर सोडून चाललेत का, आणि असतील तर तिच्या भाच्याला जागा हवी होती. अक्कांनी भाडं वाढवून सांगितलं. मी वर उभी राहून ऐकत होते.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग शेवटच्या बैठकीत अक्का म्हणाल्या, "सरी, सगळं झालं. पण डोंगर चढायचा म्हणजे अंगात शक्ती पायजे की. सुम्ने नुसत्या पाण्यावर कसं होतंय? मी स्वल्प अवलक्की घेऊन येते."

"अवलक्की?" मी म्हटलं. "म्हणजे पोहे? उपासाला?"

"मग? उपासालाच की गे!"

"अहो अक्का, पोहे म्हणजे तांदूळ! तांदूळ कांडून चपटा केला म्हणून काय त्याचं फळ होतं का?"

"आमच्याकडं पयल्यापासून खातात," अण्णा म्हणाले. "अवलक्की चालते, उप्पिट्टू चालतं."

"रव्याचं?" मी खालीच बसले.

"आणि तुम्ही काय खाताय?" अक्कांनी पदर खोचला. "ते साबुदाणे! त्यात शेंगदाणे, त्यात बटाटा, वर तूप, बाजूला दही! अय्यो, त्याला उपास म्हणायचं की केळवण?"

मी साताऱ्याची. खिचडीबद्दल कोणी असं बोललेलं मी ऐकून घेत नाही. मी साबुदाण्याची बाजू मांडली, वऱ्याच्या तांदळाची मांडली, दाण्याच्या आमटीची मांडली. मग गुरुप्रसाद मध्ये पडला.

"अ‍ॅक्च्युअली वहिनी, तुम्ही खिचडीत कोथिंबीर घालता. आमच्या घरी कोथिंबीर चालत नाही."

"कोथिंबिरीनं कुणाचा उपास मोडलाय?"

"आईला विचारतो," तो म्हणाला, आणि त्याच रात्री त्यानं खरंच एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावला. दुसऱ्या दिवशी निकाल आला की कोथिंबीर चालत नाही, जिरं चालतं, आणि वहिनींचं नाव काय म्हणालास?

मग तह झाला. ज्यानं त्यानं आपापल्या घरच्या रीतीप्रमाणे फराळ आणायचा, दुसऱ्याच्या डब्याकडे बघून नाक मुरडायचं नाही. ह्यांनी त्या कागदावर 'किरकोळ फराळ' अशी एक रेघ वाढवली. चांगली बारीक रेघ होती.

'एकादशी अन् दुप्पट खाशी' म्हणतात, पण हे म्हणणाऱ्यानं आमची शिवरात्र बघितली नव्हती. खालून दोन दिवस पोहे भाजल्याचा, खोबऱ्याचा आणि फोडणीचा वास येत होता. त्यात नमतं घ्यायचं माझ्या स्वभावात नाही. मी ठरवलं, या बाईला उपास काय असतो ते दाखवायचंच. खिचडीचं पातेलं भरलं. मग बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू, दाण्याची आमटी झाकण फडक्यानं घट्ट बांधून. खाली अक्कांनी उप्पिट्टू वाढवलं की वर माझे लाडू वाढायचे. गुरुप्रसाद बिनकोथिंबिरीची म्हणून एक वेगळी खिचडी करून घेऊन आला आणि सोबत घडभर केळी. मी स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत होते, आणि वर त्या धोंड्याला तुपाची धार लावत होते.

शुक्रवारी दुपारी भाड्याची मेटॅडोर दारात आली. माझी पातेली, पिशव्या आणि तंबू बघून ड्रायव्हरनं लग्न कुठे आहे ते विचारलं. मग अण्णा दुकानातून एक कोरी करकरीत ट्रंक घेऊन आले. निळ्या रंगाची, वर दोन मोर काढलेले.

"अवलक्की आणि उप्पिट्टू ह्यात," ते म्हणाले. "माकडाला ट्रंक उघडायला येत नाही. मी गॅरंटी देतो."

मला जरा धीर आला. निदान ट्रंकेला तरी राखण लागणार नाही असं वाटलं.

मागडी रस्त्यानं आम्ही संध्याकाळी पायथ्याशी पोचलो. गाडीतून उतरून सगळ्यांनी सावनदुर्गाकडे माना वर केल्या. तो डोंगर नाहीच, एकच्या एक दगड आहे, आणि तो आभाळाला टेकलाय. मेटॅडोर उद्या संध्याकाळी परत येते म्हणून निघून गेली. दशम्या खाऊन, माझा शुक्रवारही त्यावरच सोडून, आम्ही तंबूत शिरलो. तंबूबद्दल एवढंच सांगते की तो चौघांचा होता, आणि अण्णांनी ट्रंकही आत घेतली.

सकाळी बाहेर आले तर देवळापाशी माणसंच माणसं. शिवरात्र म्हटल्यावर आसपासच्या गावांतून लोक दर्शनाला आले होते. फुलवाल्या होत्या, नारळवाले होते, पोरंबाळं होती. ही एवढी साधी गोष्ट ह्यांच्या त्या भल्यामोठ्या कागदावर कुठेच नव्हती. आणि माकडं होती. देवळाच्या भिंतीवर ओळीनं बसून ती आमच्या पातेल्यांकडे बघत होती.

मी पदर खोचला, कॅनव्हासचे बूट घातले, पाण्याची बाटली गळ्यात अडकवली. वर कातळावर सकाळचं कोवळं ऊन पडलं होतं. अजिंक्यताऱ्याच्या वेळी करायचे तसं मी कुठून चढायचं ते डोळ्यांनी शोधून ठेवलं. इतक्या वर्षांनी.

गुरुप्रसाद बुटाची नाडी बांधत होता. वर न बघताच त्यानं विचारलं, "सामानाजवळ कोण?"

आणि माना वळल्या. सगळ्यांच्या. ह्यांचीसुद्धा.

"नाही, नाही, नीला या वेळी येणार आहे," हे म्हणाले. मग त्यांनी पातेल्यांकडे बघितलं, माकडांकडे बघितलं, आणि त्यांचा आवाज खाली आला. "म्हणजे... आधी आम्ही जाऊन येतो. मग तू जा. गुरुप्रसाद येईल तुझ्याबरोबर परत."

"परत?" गुरुप्रसादनं वर बघितलं. तो कातळही त्यानं तेव्हाच पहिल्यांदा नीट बघितला असावा.

"माझ्या ट्रंकेकडं पण बघ हं स्वल्प," अण्णा म्हणाले. "नवी आहे. अख्खी ट्रंकच कुणी उचलली तर?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाईट वाटून नव्हे, रागानं. हा सगळा उपास कशासाठी निवडला होता? सामान नको म्हणून! आणि ते सामान माझ्याच हातचं, माझ्याच तुपातलं, माझ्यासमोर चिंचेच्या झाडासारखं उभं होतं. म्हटलं, हे असेपर्यंत मी वर जात नाही. मग हे नसलेलंच बरं.

मी खिचडीच्या पातेल्याचं झाकण काढलं, पळी हातात घेतली आणि माझ्या मोडक्या कन्नडमध्ये जोरात ओरडले, "बन्नी, बन्नी! प्रसाद! एल्लारू बन्नी!" या, या, सगळे या!

"अगं, काय करतेस?" हे धावत आले.

"वाढतेय."

सगळ्यात पुढे एक म्हातारेबुवा होते, कपाळभर भस्म लावलेले. मी पानावर खिचडी घालून पुढे केली. त्यांनी हात जोडले आणि मागे सरले.

"इवत्तु उपवास अल्वा, अम्मा?" आज उपास आहे ना, बाई?

"उपासाचंच आहे हो, अज्जा," अक्का पुढे झाल्या, आणि खिचडी नको असेल म्हणून त्यांनी ट्रंक उघडून अवलक्की दाखवली. म्हाताऱ्यानं अवलक्की बघितली, उप्पिट्टू बघितलं, माझा रताळ्याचा कीस बघितला. लाडूही बघितले. मग त्यानं आमच्या दोघींकडे असं बघितलं की माझी मान आपोआप खाली गेली. अक्कांची पण गेली. तो पाण्याचा एक घोट घेऊन देवळात निघून गेला.

पण ज्यांचा उपास नव्हता अशांची तिथे काही कमी नव्हती. पोरं आली, पोरांच्या मागून आया आल्या, नारळवाले आले, बैलगाड्या घेऊन आलेले आले. खिचडीचं पातेलं बघता बघता तळाला लागलं. अक्का आधी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. पण लोक खिचडीसाठी रांग लावतायत आणि अवलक्कीला कोणी विचारत नाही, हे त्यांना कसं सहन व्हावं?

"ए, इकडं पण बगा की! अवलक्की हीच खरी!" असं म्हणून त्यांनी ट्रंकेजवळ बैठक मारली आणि दोन्ही हातांनी वाढायला सुरुवात केली. मी लाडू काढले की त्या उप्पिट्टू काढायच्या. त्या दिवशीचं आमचं भांडण एवढ्या लोकांच्या पोटात गेलं. गुरुप्रसादची बिनकोथिंबिरीची खिचडी एका पोरानं तोंडात घातली आणि आईला विचारलं, ह्यात कोथिंबीर का नाही? निदान मला तरी तसं वाटलं. माझं कन्नड कच्चं आहे.

केळी माकडांना गेली. त्यांचाही हक्क होताच.

पातेली रिकामी झाली तेव्हा हे हातात एक रताळं घेऊन उभे होते. बहुधा ते त्यांनी लपवून ठेवलं होतं. "अगं, पण आता आपण काय खायचं?"

"आज उपास आहे ना?" मी म्हटलं, आणि ते रताळंही एका मुलीला देऊन टाकलं.

ट्रंकेचा प्रश्नही सुटला. एका फुलवालीला ती फार आवडली. तिनं ती पालथी घातली, तंबू घडी करून रिकाम्या पातेल्यांसकट खाली सारला आणि वर शेवंतीचे हार मांडले. अण्णांनी तिच्याकडून मोर झाकायचे नाहीत असं वचन घेतलं आणि मगच ते हलले.

मग आम्ही चढलो. चढ कसा होता ते सांगण्यासारखं नाही. काही ठिकाणी दोन पायांवर, काही ठिकाणी चार. गुरुप्रसादनं पहिल्याच उभ्या टप्प्यावर डोळे मिटले आणि आपण केलेले किल्ले बहुतेक एसटीच्या खिडकीतून केले होते असं कबूल केलं. त्याचा दोरखंड शेवटी अक्कांनी कमरेला बांधला आणि दुसरं टोक त्याच्या हातात दिलं. कोण कुणाला ओढत होतं ते विचारू नका. अण्णा दर वळणावर बसायचे आणि शहाजीराजे घोड्यावरून आले होते याची आठवण करून द्यायचे.

मी पुढे होते. गुडघा कटकट करत होता. करू दे, म्हटलं, त्यालाही बरंच काही बोलायचं असेल. कातळ पायाखाली गरम व्हायला लागला होता, घाम डोळ्यांत जात होता, आणि मला इतका आनंद झाला होता की मी एकटीच हसत होते.

माथ्यावर छोटा मंडप आहे, आणि त्यात नंदी. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मागून एकेक जण येऊन आडवा झाला. कोणाच्याच पोटात काल रात्रीपासून काही नव्हतं. अक्का नंदीला टेकून डोळे मिटून बसल्या.

"नीला," त्या म्हणाल्या, "एवढी वर्षं उपास केले गे. भूक आजच लागली."

मी त्यांचा हात धरला. मलाही आजच लागली होती.

तेवढ्यात हे दचकून उठले. सवय जाते थोडीच! "अगं, सामानाजवळ कोण आहे?"

"कुठलं सामान?" मी म्हटलं.

त्यांनी खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आल्यासारखं वाटलं की मी वर आहे.  त्यांनी सगळ्यांना उठवलं, एका तिथल्याच माणसाच्या हातात कॅमेरा दिला आणि मला नंदीच्या शेजारी, अगदी मधोमध उभं केलं.

तो फोटो आमच्या हॉलमध्ये आहे, त्या रेघांच्या कागदाच्या जागी. त्यात चौघांचे चेहरे असे उतरलेत की बघणाऱ्याला वाटावं, कोणी गेलं की काय. मधली मी मात्र पंगतीतून नुकती जेवून उठल्यासारखी दिसते.